पहिल्या पानावरचे हवामान

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात आक्का माझ्या शेजारच्या बाकावर बसतात, एवढीच आमची मूळ ओळख. पाटी पुसता पुसता त्यांनी जे थोडेथोडे सांगितले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

आक्कांची उमेदीची वर्षे ताडपत्री शिवण्याच्या कारखान्यात गेली. ताडपत्री जड, एकीने यंत्राखाली ढकलायची, दुसरीने पलीकडून ओढून घ्यायची. पलीकडे कायम त्यांची उंच मैत्रीण असे, तिला सगळ्या लंबूच म्हणत. जिच्या हातून कापड अडे तिला दुसरीने शिव्या घालाव्यात, असा त्यांचा शिरस्ता होता.

काम सुटल्यावर आक्कांना टीव्हीवरील बातम्यांचे वेड लागले. कुठे पूर, कुठे गोळीबार. इकडे आक्कांची छाती धडधडे, डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरांनी दटावले, "टीव्ही बंद! जग चालवायला तुम्हाला कोणी ठेवलेलं नाही. सकाळी एकदा पेपर ऐका, पुरे." आक्कांना अक्षर येत नव्हते. म्हणून सून चहाबरोबर पेपर वाचून दाखवू लागली. धडधड थांबली, झोप लागू लागली. सून म्हणजे माझे डोळे, असे आक्का चारचौघींत सांगत.

पुढे एकदा बाजारात कारखान्यातली जुनी मुकादमीण दिसली. तिने तोंडच फिरवले. आक्कांनी हाक मारली तशी फणकारली, "लंबूला पोचवायला सगळा कारखाना आला. तू तेवढी नाहीस. एवढी कसली मोठी लागून गेलीस गं?"

"कुठे पोचवायला?"

मुकादमीण वरमली. कारखान्याला आग लागली होती. लंबू आतच राहिली. पेपरात पहिल्या पानावर फोटोसकट आले होते.

आक्का भाजी न घेताच परतल्या. "अगं, लंबूची बातमी आली होती?"

सुनेचा हात कणकेतच थांबला. "आई, तुमचं बीपी... मी त्या जागी हवामान वाचलं."

"वाईट आलं की हवामान?"

"हो. बऱ्याचदा."

"तरीच म्हटलं, या पेपराला पावसाचं एवढं काय पडलंय! अगं, डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला सांगितला होता, माणसं नाही. तिचं तोंड शेवटचं बघायचं होतं मला."

सून रडली. आक्कांना रडू फुटले नाही. दुसऱ्या सकाळी सुनेने पेपर उघडला, तेव्हा त्या उठून गॅलरीत गेल्या. ती वाचते ते खरे की मनाचे, हे आता ओळखावे कसे?

टीव्ही अजूनही बंदच आहे. आक्का आता सकाळी स्वतःच एक पान वाचतात, अक्षराखाली बोट धरून. बातमी जड असली की मध्येच थांबून घोटभर पाणी पितात. सुनेशी बोलणे आहे, जेवण एकत्र आहे. पेपर मात्र तिच्या हाती देत नाहीत.

वर्गात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बाईंनी विचारले, "आजी, काय शिकायचंय?"

"कोण गेलं ते माझं मला वाचता यावं," आक्का म्हणाल्या. "तेवढं आधी शिकवा."