राखून ठेवलेली ओळ

आज बनशंकरीच्या बाजारातून परतताना एका दुकानात नुकताच दिवा लावला होता. तापलेल्या तिळाच्या तेलाचा वास आला आणि मी भाजीची पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले.

आमच्याकडे दिवेलागणीला आई श्लोक म्हणायची, पण शेवटची ओळ राखून ठेवायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून घरी आले की ती ओळ तिघांनी मिळून म्हणायची.

एका संध्याकाळी अण्णांना फार उशीर झाला. मला भूक लागली होती.

"म्हणून टाक ना गं," मी कुरकुरले.

"स्वल्प थांब," आई म्हणाली. "श्लोक पुरा झाल्याशिवाय देव उठून जात नाही. अण्णा येईपर्यंत बसू दे त्याला."

ती समईत पुन्हा पुन्हा तेल घालत राहिली. शेवटी फाटकाशी स्कूटर थांबली. अण्णांनी चपला काढता काढता दारातूनच ती ओळ सुरू केली. त्यांच्या कपड्यांना मशिनच्या तेलाचा वास येत होता. आईनं सूर मिळवला आणि मध्येच तिचा आवाज थांबला. मला वाटलं, ती शब्द विसरली.

आता दोघंही नाहीत. मघाशी घरी येऊन मी दिवा लावला, श्लोक म्हटला आणि सवयीनं शेवटच्या ओळीपाशी थांबले. यायचं कुणी राहिलेलं नाही, हे मला कळतं. तरी ती ओळ म्हणवत नाही.

थोडा वेळ बसू दे त्याला.