चार बदाम आणि काकूची दुरी

समोरच्याच्या हातात काय आहे ते न बघता डाव सोडणारा माणूस आमच्या घराण्यात जन्माला यायचाय. पोकर शिकवणाऱ्या व्हिडिओत हे कुणी विचारात घेतलेलं नव्हतं.

मूर्तिशाळेतून गणपती डोक्यावरून घरी आणायचा मान काकांचा. यंदा त्यांच्या कमरेने राजीनामा दिला. लहानपणापासून मी त्यांच्या मागून छत्री धरून चालत आलोय. पन्नाशीतही छत्रीच, हे मनाला फार लागायचं. पण काकांचा सुनील मुंबईहून आला तो "मान माझा" म्हणतच. भांडण नको म्हणून मीच सुचवलं, "पोकर खेळू. जिंकेल तो आणेल." (मोबाइलवर मी स्पर्धा खेळतो. जिंकत नाही, पण खेळतो.)

चतुर्थीच्या आदल्या दुपारी ओटीवर बसलो. चिप्सच्या जागी काजूबिया. दोघांत मजा नाही म्हणून काकूलाही बसवलं. ती समया घासून, पदराला हात पुसत आली.

एका डावात माझ्या हातात दोन बदाम, खाली सगळ्यांसाठी उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन. अजून दोन पानं उघडायची होती. पाचवा बदाम आला की फ्लश, म्हणजे डाव जवळपास खिशात! तज्ज्ञ म्हणतात, पान यायची वाट बघू नका, आल्यासारखं खेळा. समोरचा घाबरून डाव सोडतो, आणि नाही सोडला तरी बदाम येऊ शकतोच. मी चेहरा गंभीर करून सगळ्या बिया पुढे सरकवल्या.

सुनीलने पानं टाकली. मुंबईत राहून तो बिघडलाय.

काकू म्हणाली, "काय आहे रे तुझ्याकडे?"

"ते सांगायचं नसतं, काकू."

"मग दाखव." तिनेही सगळ्या बिया ढकलल्या.

उरलेली दोन्ही पानं किलवर निघाली. काकूकडे दुरीची जोडी, माझ्याकडे तेवढीही नाही.

"दुऱ्यांवर एवढं लावलंस? हरली असतीस तर?"

"हरायला काय होतंय मेल्या? तुझी पानं न बघता मला झोप लागली असती होय?"

सुनीलच्या बियाही लवकरच तिच्याकडे गेल्या. त्या सुपात भरता भरता ती म्हणाली, "मग उद्या गणपती मी आणणार. लग्न होऊन आल्यापासून आरती घेऊन दारातच उभी आहे मी."

हा मान तिलाही हवा असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि हरल्याचं दुःख गेलं. (बरंचसं.)

दुसऱ्या दिवशी काकू डोक्यावर गणपतीचा पाट घेऊन ताठ चालली, मागून छत्री धरून मी. मूर्तीचं तोंड रीतीप्रमाणे घरी पोचेपर्यंत रुमालाने झाकलेलं. माझी पानं बघायला सगळ्या बिया लावणारी बाई, पण निघताना तिने रुमाल उचलून बघितला नाही. अर्ध्या वाटेत मलाच राहवेना. छत्रीच्या आडून मी हळूच रुमालाकडे हात नेला.

"हात मागे घे," वळूनही न बघता काकू म्हणाली.

मी निमूट छत्री सरळ केली. पोकरमध्ये चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं म्हणतात. काकूला माझा चेहरा बघावाही लागत नाही.