माथ्यावर थांबलेली

होडी सुटली तरी याहा, म्हणजे माझी आई, माझ्याकडे बघेना. माझं गाठोडं मांडीवर घट्ट धरून ती समोरच्या डोंगराकडे बघत बसली होती. धरणाचं पाणी चढत गेलं आणि अक्कलकुवा तालुक्यातला आमचा पाडा बेट होऊन बसला. बाहेर पडायचं तर आधी होडी, मग डोंगर चढून पलीकडे उतरायचं, मग खापरपर्यंत जीप आणि तिथून नंदुरबारची एसटी. मी चांगली धावते म्हणून तिथल्या क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली होती. लोक हसायचे, "बेटावर धावायला जागा तरी आहे का गं?" अहो, सपाट जागा नव्हती म्हणूनच तर पाय असे तयार झाले!

तुम्ही पाड्यावर राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला हे सांगायला नको, तरी सांगते. आपल्याकडे डोंगरात माणसं एकामागोमाग एक चालतात. वाटच तेवढी अरुंद. आणि जो पुढे जातो त्यानं माथ्यावर थांबायचं. मागे कुणी म्हातारं असतं, कुणाच्या कडेवर लेकरू असतं. शेवटचं माणूस वर येऊन दम घेतं, मगच सगळे पलीकडे उतरतात. त्या दिवशीही मी पळतच वर गेले आणि मागून याहाची रोजचीच हाक आली, "थांब गं, मागे माणसं आहेत!" मागे तर ती एकटीच होती.

खापरला मात्र ती थांब म्हणाली नाही. एसटीच्या खिडकीतून गाठोडं आत दिलं, पाठ फिरवली आणि तरातरा चालायला लागली. मला असा राग आला होता! आता कळतं, तिनं एकदा वळून बघितलं असतं तर मला खाली उतरवूनच नेलं असतं.

वसतिगृहात सगळंच नवं. घरी आपली भिली, वर्गात मराठी आणि आम्हाला धावायला शिकवणारे कोरीट गावचे सर चिडले की थेट अहिराणीत. वॉर्म-अप, स्पाइक, लेन हे शब्द मी भाजीभाकरीसारखे गिळले. सर म्हणायचे, असे पाय मी आजवर बघितले नाहीत. खोटं कशाला सांगू, ऐकून मी फुगायचे.

आणि मग राज्य स्पर्धेत दोनशे मीटरच्या फायनलला मी माती खाल्ली. वळण संपलं, समोर सरळ पट्टा, माझ्यापुढे कुणी नाही. पुढे कुणी दिसेना तसे पाय आपोआप ढिले पडले आणि मी चक्क वळून मागे बघितलं. बाकीच्या पोरी सूं सूं करत बाजूने निघून गेल्या. मला साधं पदकही मिळालं नाही.

सर धावत आले. "अवं पोरी, मांगे काय देखी ऱ्हायनी? कोन शे तुन्हं मांगे?" मी रडत रडत माथ्याचं सांगितलं. पुढे गेल्यावर थांबायचं असतं ना, सर? ते कपाळाला हात लावून बसले. पुढच्या स्पर्धेत पदक नाही आलं तर वसतिगृहातली माझी जागा जाणार होती. जागा गेली की दिवाळीनंतर पाड्यावरच्या सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला. कोयता माझी वाटच बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला मैदानावर नेलं. ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी. त्यांनी बोटानं शेवटची पांढरी रेघ दाखवली. "तुन्हा माथा आठे शे. थांबानं ना? थांब. पन रेघ वलांडीसन." बास. मी आजवर रेघेच्या अलीकडेच थांबत होते, एवढंच तर होतं!

पुढच्या स्पर्धेत मी रेघ ओलांडली आणि मग थांबले. सुवर्णपदक! वळून उभी राहिले, शेवटची पोरगी धापा टाकत आली, तिचा हात धरला आणि मगच ट्रॅकवरून उतरले. तेव्हापासून हेच चालू आहे. पुढे राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, देशाची जर्सी घातली, परदेशातल्या ट्रॅकवरही तशीच थांबले. कॉमेंट्री करणारे गंमत करतात. करू देत. मी चॅम्पियन आहे आणि ते सांगायला मी लाजत नाही.

आता मी पुण्यात राहते. रेल्वेत नोकरी, स्वयंपाकघरात प्रोटीनचा डबा, मंगळवारी फिजिओ. पाड्यावर गेले की दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी फोनला रेंज शोधत फिरते. इथे असले की त्या पाण्याचा वास आठवत राहतो. कुठली म्हणायची मी?

गेल्या वर्षी पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा होती आणि याहा पहिल्यांदा मला धावताना बघायला आली. स्टेडियमच्या पायऱ्यांवर चप्पल काढून, पदर सावरून बसली. मी जिंकले. रेघेपलीकडे वळून थांबले. लोक उठून टाळ्या वाजवत होते, कॅमेरे माझ्या तोंडासमोर. मी पळत जाऊन पदक याहाच्या गळ्यात घातलं. तिनं ते बघितलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून ट्रॅककडे मान उंच करून विचारलं, "ती शेवटची पोरगी नीट पोहोचली ना?"

"पोहोचली, याहा."

"मग चल आता." असं म्हणून तिनं माझा घाम पदरानं पुसला, आणि मी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

यंदा पाड्यावरच्या दोन पोरी पुण्याला ट्रायलला येणार आहेत. आधी होडी, मग डोंगर, मग खापर. मी पुण्याच्या स्टँडवर उभी असेन. पोरींनो, घाई करू नका. दम खात या. मी वर पोहोचलेय, थांबलेय.