कॅलिबर कमी पडलं

ऑफिसातल्या त्या मित्राचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. इथे परदेशात डँडेनॉन्ग उपनगरातून आम्ही दोघं त्याच्याच गाडीने ऑफिसला जायचो आणि वाटेत रोज बंदुकांच्या कॅलिबरचं प्रवचन असायचं. अमेरिकेत लोक सिंगल-शॉट पिस्तुलाने हरणं मारतात, इथे शिकारीला पिस्तूल चालत नाही, याचं त्याला कोण दुःख! शेवटी सिंगल-शॉट रायफलवर आला. पुण्यात फ्लॅट घेताना केली नसेल एवढी चौकशी त्याने गोळीच्या मापाची केली.

"हे बघ," स्टिअरिंगवर बोट आपटत तो म्हणायचा, "एकच गोळी असली की माणूस जबाबदारीने मारतो."

मला पटलं. म्हणून तर त्या शनिवारी त्याच्याबरोबर डोंगरात गेलो.

सांबर दिसलं. आपल्याकडचंच, कधीकाळी इथे आणून सोडलेलं. त्याने गोळी झाडली. सांबर गुडघ्यांवर आलं, धडपडत उठलं आणि झाडीत शिरलं. पाल्यावर रक्त होतं, उजेडही भरपूर होता.

"चल, शोधू," मी म्हटलं.

"सोड रे. मरेल ते. नंतर ट्रॅफिक लागतो."

मी एकटाच आत गेलो. पुढे जवळच धाप लागल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात ह्याने गाडीत बसून हॉर्न दाबला, दाबूनच ठेवला. फांद्या मोडल्या आणि ते जखमी जनावर लांब पळालं.

परतताना स्टिअरिंगवर तेच बोट आपटलं.

"हे बघ, कॅलिबर कमी पडलं."

सोमवारपासून मी ट्रेनने जातो.