रक्त बोललं का?

लॅबमधलं रक्त संध्याकाळी नियमाप्रमाणे टाकून द्यावं लागतं. किस्से मात्र घरी येतात आणि साठत जातात. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी कोलकात्यात आले आणि खिदिरपूरच्या एका एचआयव्ही क्लिनिकच्या लॅबमध्ये चिकटले. हे गेले, मी राहिले. किस्सेही राहिले.

*

टीबीसाठी आमच्याकडे रक्ताची एक चाचणी होते. तीन नळ्या. आमचे सीनियर टेक्निशियन तपनदा नव्या माणसाला समजावत, "पहिलीत रक्ताला गप्प बसू द्यायचं. दुसरीत विचारायचं, टीबीला ओळखतंस का? आणि तिसरीत नुसता चिमटा काढायचा! चिमट्यालाही ओरडलं नाही, तर त्याची साक्ष धरायची नाही."

एचआयव्हीने खचलेलं रक्त पुष्कळदा ओरडत नाही.

*

हरूबाबू गोदीत कामाला, राहायला बेहालात. संध्याकाळचा ताप, मानेवर गाठ. त्यांचं रक्त बेहालाच्या सेंटरवरून आलं ते बर्फात गाडून!

तपनदांनी कपाळाला हात लावला. "हा काय इलिश मासा आहे? या पेशी जिवंत लागतात!"

"बाकी सगळ्या लॅब बर्फ नसला की ओरडतात, दादा!" आणणारा म्हणाला.

हरूबाबूंना पुन्हा बोलावलं. दंड पुढे करत ते म्हणाले, "हवं तेवढं घ्या, दीदी. फक्त एक सांगा. मुलगी बाळंतपणाला आलीय, मुलगा झालाय. नातवाला मांडीवर घेऊ का?"

*

डमडमच्या एक बाई याच चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट चक्क लॅमिनेट करून आल्या. खोकत खोकतच आमच्या डॉक्टर बासूंना म्हणाल्या, "आता थुंकी कशाला तपासायची?"

"कारण या कागदाला तुमचा खोकला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

थुंकीत टीबी निघाला. बाई चिडल्या त्या दुकानदारावर. "लॅमिनेट करण्याआधी सांगायला नको?"

*

हरूबाबूंची तिसरी नळी गप्पच राहिली. रिपोर्ट: इंडिटरमिनेट.

"म्हणजे आहे की नाही?"

"म्हणजे तुमच्या रक्तात सध्या उत्तर द्यायची ताकद नाही," डॉक्टर बासू म्हणाल्या.

"बायकोही उत्तर देत नाही. पण त्याचा अर्थ मला बरोबर कळतो!"

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी मानेतल्या गाठीत सुई घातली. थुंकीही घेतली. दोन्हीकडे टीबी. औषधं सुरू झाली, आणि हरूबाबू नातवाला दारातूनच बघू लागले.

*

त्याच सुमारास हे गेले. मी कामावर परतले तेव्हा जो तो विचारी, "कशा आहात?"

तपनदांनी सगळ्यांना पॅसेजमध्ये नेलं. "सध्या काही विचारायचं नाही. इंडिटरमिनेट येईल. थोडे महिने जाऊ देत, मग पुन्हा सॅम्पल घेऊ."

दार उघडंच होतं. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

*

हरूबाबूंचा कोर्स संपला. एचआयव्हीची औषधंही लागू पडली, अंग भरलं, थुंकी स्वच्छ आली.

"आता खुशाल घ्या नातवाला," डॉक्टर म्हणाल्या.

"आधी त्या रक्ताला पुन्हा विचारा."

"काही गरज नाही. आता पॉझिटिव्ह आलं, तरी आजार परतला असं होत नाही. रक्ताला जुनी ओळख आठवते, एवढंच."

"तेच बघायचंय. माझं रक्त बोलतं का ते!"

ते हटून बसले. शेवटी डॉक्टरांनी मान्य केलं. तिसरी नळी खणखणीत बोलली. दुसरीही. पॉझिटिव्ह!

दुसऱ्या दिवशी हरूबाबू एका कडेवर नातू आणि दुसऱ्या हातात संदेशचा बॉक्स घेऊन हजर. आमच्या रांगेत मिठाई कोणी वाटत नाही. पहिल्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या एका माणसाने विचारलं, "कसली मिठाई, दादा?"

"पॉझिटिव्ह आलो!"

त्या माणसाचा हात संदेशसकट हवेतच राहिला.

मग हरूबाबू नातवाला घेऊन माझ्या खिडकीशी आले. "घ्या, दीदी. आणि तुम्ही कशा आहात?"

मागे तपनदांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

मी हातमोजे काढले, हात धुतले आणि म्हटलं, "आधी त्याला इकडे द्या."