डोंगराची उजवी बाजू

चष्मेवाल्यांचा जन्म दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात गेला. स्वतःच्या डोळ्यांचं चीज करायला त्यांच्याकडे उरला तो फक्त सुटीचा वार. त्या दिवशी हे गृहस्थ उजाडायच्या आत तैलरंगांची पेटी उचलत आणि गावाबाहेरच्या माळावर बसून समोरच्या डोंगराला भिडत. वीस वर्षं भिडत होते. पण कॅनव्हासवर उतरला की तो डोंगर पालथ्या पातेल्यासारखाच दिसे.

बायको सोबत जायची ती चहाच्या थर्मासपुरती. गेल्या थंडीत बसून बसून कंटाळली आणि पेटीतले उरलेसुरले रंग फासू लागली. आणि काय सांगावं, तिच्या डोंगरावर चक्क ऊन पडायचं. चष्मेवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. तिने घासून घासून हे मिळवलं असतं तर त्यांनी सोसलंही असतं. पण ही बाई कपडे वाळत घालावेत तितक्या सहज रंग टाकायची, वर गुणगुणायची, आणि ते गुणगुणणं त्यांना अजिबात सहन होत नव्हतं.

त्यात मुलीचा फोन आला. नव्या घराच्या बैठकीत दोघांपैकी एकाचं चित्र लावणार होती. एकाचंच, कारण भिंत एवढीशी. रविवारी संध्याकाळी येऊन निवडते, म्हणाली.

त्या रविवारी सकाळी दोघं शेजारी बसून तोच डोंगर रंगवत होती. डाव्या उतारावर ऊन आलं तसा बायकोने तिथे पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढला आणि चित्र जिवंत झालं. चष्मेवाल्यांनी आपल्या चित्राकडे पाहिलं. पातेलंच.

ओली चित्रं न्यायची तर समोरासमोर धरून मध्ये चारही कोपऱ्यांत बुचं लावायची, म्हणजे रंगाला रंग लागत नाही. हे काम नेहमी त्यांचंच. बायको थर्मास विसळायला नळावर गेली. त्यांनी बुचं खिशात टाकली, चित्रं एकमेकांवर पालथी घातली आणि वर जड पेटी ठेवली. आपलंही बिघडणार हे त्यांना कळत होतं. तिचं बिघडलं म्हणजे झालं.

घरी चित्रं सोडवली तेव्हा तिच्या डोंगराचा चिखल झाला होता.

"बुचं पडली वाटतं," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलगी आली आणि वडिलांच्या चित्रापुढे थबकली. त्यांच्या मेलेल्या डोंगरावर तो पिवळा पट्टा चिकटून आला होता.

"बाबा, हे ऊन इतकी वर्षं कुठे दडवलं होतंस? मी हेच नेणार." आणि गाडीत जागा करायला ती खाली गेली.

बायकोने चित्र दिव्याखाली धरलं. "माझं डावीकडचं ऊन तुमच्या उजवीकडे उमटलंय. सकाळी तिथे सावली असते." मग थांबून म्हणाली, "नुसती बुचं पडून इतकं स्वच्छ उमटत नाही हो. दाबून ठेवलं होतंत."

चष्मेवाल्यांना तोंड वर करवेना. तिने बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून त्यांच्या हातात दिला. "सही करा. पोरगी वर येतेय."

त्यांनी सही केली. आता मुलीच्या घरी येणारा जो तो त्यांचं कौतुक करणार होता, आणि चष्मेवाल्यांना आत्तापासूनच स्वतःच्या चित्राचा हेवा वाटू लागला होता.