बादलीवरचं पुडकं

घाटकोपरला आमची चाळ टेकडीच्या उतारावर होती. तिथे ज्याचा कचरा त्याने खाली न्यायचा, रस्त्याच्या वळणावरच्या पालिकेच्या पेटीत ओतायचा आणि नाक दाबून परत फिरायचं. घरात हे काम माझं. पेटीत पडलं की ते संपलं. पुढे त्याला कोणाचा हात लागत असेल, हे लग्न होईपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

लग्न होऊन मुलुंडला आले तर तिथे सगळंच वेगळं. तीन मजली सोसायटी. सकाळी आठच्या सुमारास कचरेवाली बाई जिन्यातून हाक देत यायची, दारासमोर ठेवलेली बादली आपल्या टोपलीत उलटी करायची आणि निघून जायची. आपली घाण दुसऱ्या बाईने डोक्यावरून न्यायची याची मला सुरुवातीला फार लाज वाटे. मग मी बादली बाहेर ठेवून आत पळायची. त्यामुळे ती तिथे नेमकं काय करते, हे मी कधी पाहिलंच नाही.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यातली गोष्ट. ओट्याखाली उंदीर झाले होते. नवऱ्याने काळी पूड आणली, ती मी संध्याकाळी पावाला लावून कोपऱ्यात ठेवली. सकाळी पाहिलं तर दोन पाव तसेच. कोणाचा हात लागू नये म्हणून मी ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळले, वरून दोरा बांधला आणि पुडकं बादलीत सगळ्यात वर ठेवलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, नवरा कामावर. बादली बाहेर ठेवून मी आंघोळीला गेले.

नऊ वाजता सासूबाई परत आल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डबा उघडला.

"कालच्या चपात्या इथेच? बाईला दिल्या नाहीस का गं?"

"कुठल्या बाईला?"

"कचरेवाल्या. तू आत गेलीस की उरलेलं मी रोज कागदात बांधून बादलीवर ठेवते. ती पुडकं वेगळं काढून पिशवीत टाकते. पोरांना नेते."

मी ओट्याची कड धरली.

"आई, मी औषधाचे पाव बांधून ठेवले. बादलीवरच."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी मला दाराकडे ढकललं. "अगं, मग उभी काय राहिलीस? धाव!"

पण धावू कुठे? नऊ वर्षं ती बाई आमच्या दारात येत होती आणि ती राहते कुठे हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या गल्लीतल्या मोठ्या बिल्डिंगमध्ये बघा. मी तशीच ओल्या केसांनी पळत सुटले. त्या सात मजली बिल्डिंगमध्ये कचरा प्रत्येक मजल्यावरून भिंतीतल्या रुंद नळातून खाली पडायचा. तळाच्या कोठीत एक माणूस फावड्याने तो ओढत होता. "ती इथली नाय," तो म्हणाला. "तिकडे मागच्या चाळीत विचारा." मागच्या चाळीत लोक खिडकीतूनच गल्लीत भिरकावायचे. तिथे बाई कशाला येईल? एकीने वरून ओरडून सांगितलं, "डोंगराच्या पायथ्याशी झोपड्या आहेत ना, तिकडे राहतात ते लोक. आत्ताच गेली ती!"

आत्ताच गेली. म्हणजे पोचली असेल. पोरं शाळेत जायच्या आधी खातील. पाव म्हटल्यावर पोरं थांबतात थोडीच! माझी एक चप्पल तुटली, ती मी तिथेच सोडली. कोणाला मारलं तर पोलीस काय करतात, हा विचार मनात आला आणि तो आला याचीच शिसारी आली.

ती झोपडीसमोर बसून काच एकीकडे, पत्रा एकीकडे लावत होती. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी उकिडवी बसली होती. तिच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता.

मी तिच्या हातावर फटका मारला. पाव गटारात गेला. मी तिच्या तोंडात बोट घातलं. पोरगी किंचाळली आणि बाईने माझं मनगट धरलं.

"काय करताय ओ ताई? खूळ लागलं का?"

"विष आहे त्यात! उंदराचं! माझ्याकडचं पुडकं, ते…"

तिची पकड एकदम घट्ट झाली. "दोरा बांधलेलं?"

"हो."

"ते व्हय." तिने श्वास सोडला. "ते कचरापेटीपाशीच उघडून बघितलं. लसणीवानी उग्र वास येत हुता. गाय खाईल म्हणून मातीत पुरलं. ह्यो पाव तळमजल्यावरच्या बाईंचा."

मी तिथेच धुळीत बसले. मला रडू आवरेना. पण तिने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"सकाळधरनं माझ्या डोक्यात एकच हाय," ती हळू म्हणाली. "रोजच्या जागी, रोजच्यावानी बांधलेलं. मला वाटलं, मुद्दाम दिलं. म्या काय वाकडं केलं हुतं तुमचं?"

"नाही हो मावशी, आईशप्पथ नाही. मला माहीतच नव्हतं की तुम्ही ते नेता."

तिने हे खरं मानलं की नाही, ते मला कळलं नाही. मग तिने मनगट सोडलं, मुलीला जवळ ओढलं, तिचं तोंड धुतलं. मुलगी गटारातल्या पावाकडे बघून मुसमुसत होती. माझ्या कनवटीला काहीच नव्हतं. मी रिकाम्या हाताने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन दारात उभी राहिले. सासूबाईंनी ताज्या चपात्या आणि गूळ बांधून दिला होता. बाईने बादली टोपलीत उलटी केली. मी पुढे केलेल्या पुडक्याला हात लावला नाही. असं महिनाभर चाललं. शेवटी मी विचारलं, "मावशी, अजून राग आहे का?"

"राग कशापायी?" टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली. "कचरा नेते की तुमचा."

आणि ती शेजारच्या दाराकडे वळली. तिथे ठेवलेलं पुडकं तिने उचलून पिशवीत टाकलं.